मलिक अंबर आणि खडकीचे पाणी

विद्यार्थी मित्रांनो, मलिक अंबरचे नाव तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचलेले असते. गनिमी कावा, जहांगीर बादशहाशी झुंज, निजामशाहीचा शेवटचा खंबीर वजीर, एवढे परीक्षेपुरते पाठ होते आणि पान उलटले जाते. तुमच्या पालकांनाही याहून फारसे आठवत नसेल. या लेखात त्याच्या लढाया मी थोडक्यात उरकणार आहे. सांगायचे आहे ते त्याने एका कोरड्या गावाला पाणी कसे आणले आणि ते पाणी त्याच्यामागे कोणी सांभाळले, याविषयी. कारण त्याने तलवारीच्या बळावर उभे केलेले राज्य त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांत बुडाले, आणि जमिनीखालून आणलेले पाणी मात्र तीनशे वर्षांहून अधिक काळ वाहत राहिले.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास हबशाणात, म्हणजे आजच्या इथिओपिया देशात झाला. घरचे नाव चापू. लहान वयातच तो गुलामांच्या बाजारात विकला गेला आणि एका धन्याकडून दुसऱ्याकडे असा हात बदलत तांबड्या समुद्राकाठचे मोखा बंदर ओलांडून पुढे गेला. शेवटी मीर कासिम नावाच्या बगदादच्या व्यापाऱ्याच्या पदरी तो पडला. या मीर कासिमने त्याला लिहायला, वाचायला आणि हिशेब ठेवायला शिकवले. अंबर हे नावही त्यानेच दिले. पालकहो, इथे जरा थांबा. विकत घेतलेल्या पोराच्या हाती लेखणी द्यायची त्या व्यापाऱ्याला काही गरज नव्हती. ती दिली म्हणून पुढे दख्खनच्या महसुलाचा घडी घातलेला हिशेब या पोराच्या डोक्यातून निघाला. जमिनीचा उतार मोजणे, माणसांची मजुरी मांडणे, धान्याचे माप पैशांत बसवणे ही कामे निरक्षर शिपायाला जमणारी नव्हती.

मीर कासिमने त्याला दख्खनेत आणून चंगीझखानाला विकले. हा चंगीझखान अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा होता आणि स्वतःही हबशी, एके काळचा गुलाम. दख्खनेत तेव्हा असे घडत असे. हबशाणातून आलेला गुलाम शिपाई होई, शिपायाचा सरदार होई, आणि कधी कधी सरदाराचा वजीर. चंगीझखानाच्या हाताखाली अंबरने कारभार जवळून पाहिला. १५७५ च्या सुमारास धनी वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. त्यानंतर बरीच वर्षे तो विजापूरकडे चाकरी करीत होता. मलिक हा किताब त्याला तिकडेच मिळाला. १५९५ साली तो दीडशे स्वार घेऊन अहमदनगरला परतला तेव्हा त्याचे वय सत्तेचाळीसच्या घरात होते. त्या काळी या वयाला माणसे हात-पाय आवरून बसत. अंबरचे नाव खरे तर इथून पुढे सुरू होते.

अहमदनगरची तेव्हा दुर्दशा झालेली होती. चांदबीबीने किल्ला झुंजवला, पण वऱ्हाड द्यावा लागला. १६०० साली तिचा घात झाला आणि किल्ला मोगलांच्या हाती पडला. गादीवरचा लहान राजाही कैदेत गेला. राज्य संपले असेच सर्वांना वाटले. मलिक अंबरने परांड्याला राजवंशातला एक मुलगा शोधून त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून तख्तावर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि राज्याचा सगळा भार स्वतःच्या खांद्यावर घेतला. पुढची पंचवीस वर्षे अकबराच्या आणि जहांगीराच्या फौजा येत राहिल्या आणि अंबर त्यांना रानोमाळ दमवत राहिला. त्याच्या फौजेत मराठे होते, हबशी होते, दख्खनी मुसलमान होते. भोसले आणि जाधव ही घराणी याच काळात नावारूपाला आली. जहांगीराचा त्याच्यावर एवढा राग होता की अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बादशहा स्वतः बाण मारीत आहे, असे चित्र त्याने आपल्या चित्रकाराकडून काढून घेतले. प्रत्यक्षात ते मस्तक त्याच्या हाती कधीच लागले नाही.

लढाया इतक्या पुरेत. आता खडकीकडे वळू.

राजधानी परांड्याहून जुन्नरला आणि तिथून दौलताबादकडे सरकत गेली. १६१० साली अंबरने दौलताबादेजवळ, खाम नदीच्या काठी असलेले खडकी हे गाव निवडले. गावाचे नावच जागेचा गुण सांगते. खाम नदी म्हणावी तर नदी, ओढा म्हणावा तर ओढा. पावसाळ्यात दोन्ही काठ धरून धावते आणि हिवाळा सरता सरता तिची ओली रेघ उरते. अशा जागी फौज, बाजार, मशिदी, घोड्यांच्या पागा आणि हजारो माणसांचे शहर वसवायचे म्हणजे आधी पाण्याचा जबाब द्यायला हवा. जुन्या राजधान्यांचा अनुभव अंबरच्या समोर होता. अहमदनगरला निजामशहांनी कापूरवाडीसारख्या आसपासच्या गावांकडून खापरी नळांतून पाणी आणलेले त्याने रोज पाहिले होते. दौलताबादच्या किल्ल्याची पाण्याची व्यवस्थाही त्याला ठाऊक होती. इराण आणि अरबस्तानात जमिनीखालून पाणी आणण्याची विद्या हजारो वर्षांची, आणि अंबर लहानपणी त्याच मुलखातून आला होता. दख्खनेतही ही विद्या नवी नव्हती. बहामनी काळात बीदरला अशी भुयारी कारेज खोदलेली होती.

वर दिसणारी नदी कोरडी असली तरी तिच्या शेजारची जमीन आत ओली असते, हे अंबरने ओळखले. शहराच्या उत्तरेला हर्सूलच्या बाजूला डोंगर आहेत. त्यांवर पडलेला पाऊस मुरमातून आणि फुटक्या खडकातून झिरपत खाली येतो. त्या झिरप्याच्या वाटेत जमिनीखाली लांब चर खोदायचा, बाजूने पाणी आत गळू द्यायचे, चराला अगदी हलका उतार द्यायचा आणि वरून तो झाकून टाकायचा. उतार जास्त झाला तर पाणी धावते आणि भिंती खरवडते. कमी झाला तर गाळ बसतो. हा अंदाज चुकू न देता कोसभराहून लांब काम तडीस नेणे ही साधी गोष्ट नव्हे. ठराविक अंतरावर वर उघडणाऱ्या विहिरीसारख्या तोंडांची सोय ठेवली, म्हणजे आत माणूस उतरू शकेल. शहराजवळ आल्यावर पाणी भाजलेल्या मातीच्या नळांत घेतले आणि नळांच्या वाटेवर पोकळ दगडी मनोरे उभे केले.

हे मनोरे आजही काही ठिकाणी उभे आहेत आणि पाहणाऱ्याला त्यांचा उपयोग कळत नाही, म्हणून सांगतो. बंद नळातले पाणी मनोऱ्यात चढते, आपल्या मूळ पातळीपर्यंत येते आणि दुसऱ्या बाजूने खाली उतरून पुढे जाते. एवढ्यात तीन कामे होतात. नळात कोंडलेली हवा वर निघून जाते. पाण्याचा जोर मर्यादेत राहतो, त्यामुळे मातीचा नळ फुटत नाही. आणि मनोऱ्याच्या माथ्यावरून दोन-तीन दिशांना फाटे काढून वेगवेगळ्या मोहल्ल्यांना वाटणी करता येते. ना मोट, ना बैल, ना रहाट. विज्ञानाच्या तासाला तुम्ही द्रवाची पातळी समान राहते हा नियम शिकता. तो नियम खडकीत लोकांच्या रांजणात पडत होता.

हे सारे पंधरा महिन्यांत आणि अडीच लाख रुपयांत झाले, असा हिशेब परंपरेने सांगितला जातो. नहर-ए-अंबरी हे नाव त्या कामाला पडले. शहरात मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा अशी पुरे वसली. ही नावे अंबरच्या मराठा सरदारांवरून पडली असे मानतात. मशिदीच्या हौदात जे पाणी आले तेच या पुऱ्यांतही आले.

योगायोग पाहा. याच सुमारास, १६१५ च्या आसपास, तापीकाठच्या बऱ्हाणपुरात मोगलांनीही जमिनीखालून पाणी आणले. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपे अडवून एकापुढे एक कुंड्या खोदल्या आणि त्या आतून जोडल्या. तो कुंडी भंडारा म्हणून आजही ओळखला जातो. तिथला सुभेदार होता अब्दुल रहीम खानखाना, हिंदी दोह्यांचा तोच प्रसिद्ध कवी रहीम. तो मलिक अंबरचा रणांगणावरचा प्रतिस्पर्धी. दोघे एकमेकांची शहरे घ्यायला टपलेले, आणि दोघांनी आपापल्या शहराला पाणी पाजायला एकच रीत धरली. खडकी मोगलांनी १६१६ साली लुटली आणि १६२१ साली पुन्हा उद्ध्वस्त केली. वाडे जळाले. जमिनीखालची नहर जळण्यासारखी नव्हती. लोक परतले तेव्हा पाणी जागेवर होते.

आता खरा प्रश्न येतो, वाचकहो. नहर एकदा खोदून काम संपत नाही. दर पावसाळ्यानंतर आत गाळ येतो. झाडांची मुळे ओलीचा वास काढत सांध्यांत शिरतात. पाण्यातला चुना नळाच्या आत थर धरतो आणि बोटाएवढी वाट उरते. कोणी तोंडावर कचरा टाकतो, कोणी नहरेच्या अंगाला विहीर खोदतो आणि सगळे झिरपे आपल्याकडे ओढतो. एखादी भिंत ढासळली आणि आठ दिवस कोणी पाहिले नाही, तर खालच्या मोहल्ल्यात हाहाकार. मग साफसफाई कोणी करायची? सरकारने, की पाणी पिणाऱ्याने? वरच्याने, की खालच्याने?

या प्रश्नाचा विचार आपल्या फकीहांनी फार पूर्वी बारकाईने केलेला आहे, आणि त्या काळच्या काझींना तो ठाऊक होता. बाराव्या शतकात लिहिल्या गेलेल्या हिदाया या हनफी कायद्याच्या ग्रंथात नद्या आणि पाट साफ करण्यावर स्वतंत्र विवेचन आहे. मोठी नदी कोणाच्याच मालकीची नाही, म्हणून तिच्या सफाईचा खर्च बैतुल मालने, म्हणजे सार्वजनिक खजिन्याने करावा. खजिना रिकामा असेल तर हाकिमाने लोकांकडून काम करून घ्यावे. पण ठराविक लोकांचा सामाईक पाट असेल तर तो साफ करणे त्या वाटेकऱ्यांचे काम. एखादा वाटेकरी अंग चोरत असेल तर त्याला भाग पाडता येते, कारण त्याच्या आळसाने दुसऱ्याचे नुकसान होते. ज्याला त्या पाण्यावर फक्त पिण्याचा हक्क आहे त्याच्यावर मात्र खर्चाचा बोजा नाही. तहानलेल्या माणसाला आणि जनावराला पाणी नाकारता येत नाही, हा हक्क-ए-शफा. शेतीला पाणी घेण्याचा हक्क, हक्क-ए-शुर्ब, हा वेगळा. तो वाटेकऱ्यांचा आणि मोजून घेण्याचा.

याच ग्रंथात एक मतभेद नोंदलेला आहे. गावातल्या पाणी-पंचायतीत आजही तोच वाद ऐकू येतो. पाट मुखापासून साफ करायला घेतला. सफाई पहिल्या शेतकऱ्याच्या हद्दीच्या पुढे गेली. आता त्याने पुढच्या कामाचा खर्च द्यायचा का? इमाम अबू हनीफांच्या मते त्याचा वाटा तिथे संपला. त्याला पाणी मिळाले, पुढच्या पाटाचा त्याला उपयोग नाही. त्यांचे दोघे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांच्या मते मुखापासून शेवटापर्यंतचा खर्च सर्वांनी आपापल्या हिश्श्याप्रमाणे सोसावा, कारण जादा पाणी सोडून द्यायला वरच्यालाही खालची वाट मोकळी हवी असते. तुमच्या वर्गात या प्रश्नावर एकदा चर्चा घडवा. दोन्ही बाजूंना वजन आहे. मला स्वतःला शिष्यांचे मत अधिक पटते. पाटाच्या शेवटी शेत असणाऱ्याची अवस्था ज्याने पाहिली आहे त्याला ते पटेल.

अंबर हा काही लोकशाहीचा पुरस्कर्ता नव्हता. तो लष्करी वजीर होता. हुकूम देई आणि हुकूम मोडणाऱ्याला कडक शासन करी. तरीही गावाच्या बाबतीत त्याने एक गोष्ट ओळखली होती. गावाची जबाबदारी गावावरच टाकली तर ती पार पडते, दुरून आलेल्या ठेकेदारावर टाकली तर गाव ओसाड होते. त्याच्या आधी महसूल मक्त्याने दिला जाई. मक्तेदार वर्षभरात जेवढे ओरबाडता येईल तेवढे ओरबाडून निघून जाई. अशा माणसाला बांध दुरुस्त करण्यात काय रस असणार? बांध पुढच्या वर्षी उपयोगी पडतो आणि पुढच्या वर्षी मक्ता दुसऱ्याचा असतो. अंबरने मक्ते बंद केले. मोडकळीला आलेली पाटील-कुलकर्ण्यांची वतने पुन्हा उभी केली आणि हिशेब गावाच्या दप्तरात आणला. १८२६ साली मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही या व्यवस्थेची दखल घेतली आहे. पीक प्रत्यक्ष पाहून त्याचा मध्यम हिस्सा धान्यात घ्यायचा, काही हंगामांच्या अनुभवानंतर त्याची रोख रक्कम ठरवायची, आणि तीही दरसाल लागवड पाहून. धान्यात सुमारे दोन पंचमांश, रोखीत सुमारे एक तृतीयांश असे प्रमाण सांगितले जाते. पाऊस कमी तर पीक कमी, पीक कमी तर सारा कमी. पुढे शहाजीराजांच्या पुणे जहागिरीतला बंदोबस्त याच पायावर उभा राहिला, असे इतिहासकार मानतात.

पाण्याशी याचा संबंध कुठे, असे तुम्ही विचाराल. ज्या गावाला आपल्या जमिनीचा सारा एकत्र द्यायचा असतो आणि जिथे कुणब्याला आपले शेत पुढच्या वर्षीही आपलेच राहील ही खात्री असते, ते गाव बांध-बंधारा आपला समजते. खानदेशात आणि बागलाणात पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत नावाची व्यवस्था काही शतके चालत आली. ती मलिक अंबरने घातलेली नाही, हे स्पष्ट सांगतो. आपल्याकडे चांगले काही दिसले की ते एखाद्या मोठ्या नावाला चिकटवण्याची खोड आहे. पण गावाच्या हाती कारभार असला म्हणजे काय घडते ते या पद्धतीत दिसते. नदीवर छोटा बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या शेतांचे तीन-चार मोठे फड. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे. पाणी सोडायला पाटकरी, त्याला मोबदला धान्यात. शेतकरी स्वतः पाटाला हात लावत नाही, म्हणून भांडण नाही. पावसाळ्यापूर्वी पाटाची सफाई सगळ्यांनी मिळून करायची. पाणी कमी असेल त्या वर्षी एखादा फड पडीक ठेवायचा, आणि प्रत्येकाची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असल्याने तोटाही वाटून घेतला जातो. महाराष्ट्र सरकारने २००५ साली शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांकडे कालव्यांचा कारभार सोपवण्याचा कायदा केला. या फडांच्या गावांना त्यात नवीन काय आहे, असाच प्रश्न पडला असेल.

पाण्याची ही जाण अंबरने युद्धातही वापरली. १६२४ साली मोगल आणि विजापूरकर एकत्र होऊन त्याच्यावर चालून आले. अहमदनगरजवळच्या भातवडी गावापाशी त्यांची छावणी पडली. तिथे निजामशाहीतला कर्ता वजीर सलाबतखान याने बांधलेला मोठा तलाव होता. पावसाचे दिवस. अंबरने तलावाचा बांध फोडला. पाणी छावणीच्या बाजूला पसरले, जमिनीचा चिखल झाला, तोफा आणि हत्ती रुतले, रसद तुटली. मग रात्री-अपरात्री छापे घालून त्याने दोन्ही फौजांचा पूर्ण मोड केला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने पराक्रमाने लढले आणि त्यांचे भाऊ शरीफजी इथेच धारातीर्थी पडले. इतिहासकार या विजयाचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण लढाईसाठी रिकामा केलेला तलाव शेतांसाठीही रिकामाच झालेला असतो. त्या विजयाच्या हिशेबात ही बाजूही मांडली पाहिजे. तो तलाव नीट दुरुस्त झाला तो पुढे इंग्रजी अमदानीत, अडीचशे वर्षांनी.

भातवडीनंतर दोनच वर्षांनी, १६२६ च्या मे महिन्यात, सुमारे अठ्ठ्याहत्तर वर्षांचा मलिक अंबर वारला. खुलदाबादला जर जरी बक्ष यांच्या दर्ग्याजवळ त्याची कबर आहे. बेगम करीमा हिची कबरही तिथेच आहे. मुलगा फत्तेखान गादीचा कारभारी झाला आणि खडकीचे नाव त्याने फतेहनगर केले. बापाची दृष्टी त्याच्यात नव्हती. १६३० ते १६३२ या वर्षांत दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे उठली. १६३३ साली फत्तेखानाने दौलताबादचा किल्ला मोगलांच्या हवाली केला आणि १६३६ साली निजामशाहीचे नाव नकाशावरून पुसले गेले.

शहर मात्र उठले नाही. १६५३ साली औरंगजेब दुसऱ्यांदा दख्खनचा सुभेदार म्हणून आला आणि फतेहनगरचे औरंगाबाद झाले. मोगलांना अंबरची नहर तयार मिळाली. तिच्यावरून धडा घेऊन पुढे आणखी नहरी खोदल्या गेल्या. बेगमपुऱ्याला पाणी देणारी थत्ते नहर त्यांतलीच. अठराव्या शतकात बाबा शाह मुसाफिर यांच्या खानकाहजवळ पाणचक्की चालू झाली. हर्सूलकडून नळांतून आलेले पाणी उंचावरून हौदात पडे आणि त्या जोरावर जाते फिरे. मुसाफिर, फकीर आणि शिकणारी मुले यांच्यासाठी तिथे पीठ दळले जाई. मोगल गेले, निजाम आले, निजामही गेले. प्रत्येक मोहल्ल्याला आपल्या मनोऱ्याची गरज होती, आणि बंद पडलेला नळ कोणाच्या ना कोणाच्या लगेच लक्षात येई.

विसाव्या शतकात घरोघरी लोखंडी नळ आले. पैठणला गोदावरीवर जायकवाडीचे धरण झाले आणि शहराचे पाणी तिथून पंपांनी उपसून आणले जाऊ लागले. लोकांची नहरेवरची नजर हटली ती तेव्हा. तोंडांवर घरे उठली, रस्ते रुंद करताना मनोरे पडले, खणताना नळ फुटले आणि फुटलेल्या जागी गटाराचे पाणी शिरले. कोणी मुद्दाम वाईट केले असे नाही. नहर कोणाची, हेच कोणाला सांगता येईनासे झाले. आणि गंमत अशी, की त्याच शहरातल्या अनेक वस्त्यांत गेली कित्येक वर्षे नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत राहिले. धरणातले पाणी शहरापेक्षा खालच्या पातळीवर आहे, ते वीज खर्चून चढवावे लागते. अंबरचे पाणी उतरत येत होते.

खाम नदीचीही तीच गत झाली. ज्या झिरप्यांवर नहर जगली त्यांची ही नदी शहरातला नाला होऊन बसली. २०२० नंतर महापालिका, छावणी परिषद आणि नागरिक यांनी मिळून तिच्या काठांवरचा कचरा उचलायला सुरुवात केली. काही भागांत काठ मोकळे झाले, झाडे लागली. या कामाची जगातल्या नामवंत शहरी उपक्रमांत नोंद झाली. या कामात सर्वांत मोठा वाटा सफाई कामगारांचा आणि काठावर राहणाऱ्या कुटुंबांचा आहे. कारण रोज कचरा पडतो आणि रोज उचलावा लागतो.

२०२३ साली शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद आणि आता हे चौथे. कधी सहलीला गेलात तर बीबी का मकबरा आणि वेरूळ पाहून परतू नका. भडकल दरवाजा पाहा, तो मलिक अंबरने १६१२ साली बांधला. पाणचक्कीच्या हौदाशी उभे राहा. उन्हाळ्यात तिथली धार कधी बारीक होते, कधी तुटते. मग जुन्या वस्तीतल्या एखाद्या वडीलधाऱ्याला विचारा, तुमच्या गल्लीत नहरेचे तोंड कुठे होते. सांगणारी माणसे अजून आहेत. कुठे ते एखाद्या घराच्या ओट्याखाली गेले आहे, कुठे त्याच्यावर फरशी घातली आहे. बेगमपुऱ्याकडे गेलात तर थत्ते हौदाची जागा विचारा.

हर्सूलच्या बाजूला डोंगरावर पाऊस पडतोच आहे. तो पूर्वीसारखाच मुरमात मुरतो आणि जमिनीखालून शहराकडे यायला निघतो. वाटेत कोण कुठे अडवतो, कोण कुठे घाण मिसळतो आणि कोण कुठे वाट मोकळी करतो, यावर तो किती पुढे पोहोचेल ते ठरते.